खालच्या पट्टीतली गाणी

बळीराम काळमेघांना कमी ऐकू येतं ही गोष्ट जबलपूरच्या त्या फॅक्टरी कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होती, एक बळीराम काळमेघ सोडून. उभी नोकरी त्यांनी रेंजवर तोफांच्या चाचणीत काढली. नवी तोफ तयार झाली की ती रेंजवर यायची, आणि ती नीट उडते की नाही हे उडवून बघणाऱ्यांत बळीराम सगळ्यात पुढे. निवृत्त होऊन घरी आले ते छाती पुढे काढून, मिशीला पीळ देऊन आणि कानांचं वाटोळं करून. पण तसं तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. थोरल्या जावयानं एकदा भीत भीत कानात घालायचं मशीन आणलं, तर सासरेबुवांनी ते डबीसकट परत केलं आणि वर सांगितलं, "तुमच्या वडिलांले द्या. त्यांचं वय झालं."

त्यामुळे घरात सगळे ओरडून बोलत. भाजी कोणती करू, हे पुष्पाबाईंनी नवऱ्याला विचारलं की समोरच्या ओळीतल्या क्वार्टरांना कळे, काळमेघांकडे आज वांगं आहे. घराबाहेर बळीरामांची रीत वेगळी होती. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, मान डोलवायची, तो हसला की आपणही हसायचं. निम्म्या वेळा जमून जाई. उरलेल्या निम्म्या वेळा कोणाच्या मयताची बातमी ऐकून ते "वा, छान झालं" म्हणत, आणि लोक बिचारे समजून घेत.

अंजनी त्यांची धाकटी मुलगी. सव्विशीतली, अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक, आणि एका जागी स्वस्थ बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. दिवसा ती एका कोचिंगच्या ऑफिसात मास्तरांच्या व्हिडिओंचा आवाज साफ करायची. पंख्याची घरघर काढ, मास्तरांचा खोकला काढ, असलं काम. उरलेला वेळ स्वतःच्या गाण्यांना. इलेक्ट्रो-पॉप म्हणतात त्याला. पेटी नाही, तबला नाही, सगळे सूर नि ठेके लॅपटॉपमधून काढलेले आणि त्यावर तिचा तारेसारखा आवाज. गाणी मराठीत, आणि तीही घरातल्या मराठीत. जगाशी ती हिंदीत बोलायची; जे जगाला सांगायचं नसे ते तिला मराठीतच सुचायचं. गाणं झालं की ते पहिल्यांदा बाबांना ऐकवायचं हा तिचा नेम होता. बाबा खुर्चीत बसत, पडद्यावर नाचणाऱ्या रेषांकडे बघत, मान डोलवत, आणि म्हणत, "छान झालं. मागच्यापेक्षा बरं."

एका रविवारी ती नवीन गाणं लावून चहा आणायला आत गेली. परत येते तो खोलीत आवाजच नाही. हेडफोनची वायर लॅपटॉपला तशीच लागून राहिली होती, आणि हेडफोन टेबलावर उपडा पडला होता. पडद्यावर रेषा नाचत होत्या. बाबा मान डोलवत होते. रेषा थांबल्या तशी त्यांची मानही थांबली.

"छान झालं," ते म्हणाले. "मागच्यापेक्षा बरं."

अंजनीला रडू आलं नाही, राग आला. बाबांचा आला, त्या वायरचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. ऐकू कमी येतं हे तिला ठाऊक होतंच. पण आपलं गाणं तेवढं येत असेल, असं वेडं मन धरून बसलं होतं. मग इतकी वर्षं आपण ऐकवत होतो कोणाला? त्याच दिवशी तिनं ठरवलं. अल्बम करायचा, आणि असा करायचा की तो बाबांना खरोखर ऐकू आला पाहिजे. शब्दन् शब्द. बाकी जग गेलं उडत.

ठरवणं सोपं होतं. बाबांना काय ऐकू येतं हे कळायला मार्ग नव्हता, कारण विचारायची सोय नव्हती. मग ती त्यांच्या मागेमागे हिंडू लागली. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नव्हती, फोन येत नव्हता, दारची बेल येत नव्हती. पाण्याची मोटर येत होती. गल्लीत ट्रक शिरला की ते खिडकीकडे बघत. एका संध्याकाळी ती त्यांना ग्वारीघाटावर नर्मदेच्या आरतीला घेऊन गेली. घंटा वाजल्या, झांजा वाजल्या, बाबा आपले हात जोडून दगडासारखे उभे. मग मोठा नगारा सुरू झाला आणि चपलेतला त्यांचा अंगठा हळूच हलला. ठेक्यात हलला. अंजनी तिथंच खाली बसली आणि आरती संपेपर्यंत देवाकडे न बघता बापाच्या पायाकडे बघत राहिली. मान खोटं बोलायची, अंगठ्याला ते जमत नव्हतं.

म्हणजे वरचे सूर गेले होते, खालचे शिल्लक होते. आणि अंजनीचा आवाज तर सगळा वरचा.

कमानिया गेटच्या मागे तिच्या मावसभावाचं, बंडूचं, लग्नाच्या वरातींना स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. तिनं त्याला गाठलं. "बंडूभैया, मला तुझे मोठे बेसचे डबे पाहिजेत. आणि मागची खोली."

बंडूनं तिथं तयार झालेलं पहिलं गाणं ऐकलं आणि पान थुंकून आला. "अंजू, पागल हो गयी क्या? हे गाणं होय का ट्रकचं इंजिन? तुझा आवाज कुठं गेला?"

"हाच आवाज आहे. खाली उतरवलाय."

"कायले?"

तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बंडूनं संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या शहराला सांगितलं असतं.

गाणी तिनं सगळी पुन्हा केली. चकचकीत सूर काढून टाकले, झांजेचे तुकडे काढले, ठेका जाड केला, आणि स्वतः छातीतून, घोगरं, जवळजवळ पुरुषी गायला शिकली. घरी रियाज सुरू झाला तशी आई पदराला हात पुसत दारात आली. "काय वं, गाय आजारी पडल्यावानी काहून गाऊन राहिली?" अंजनीनं दार लावून घेतलं. तिला आता कशातच चैन पडत नव्हतं. ऑफिसात मास्तरांचा आवाज साफ करता करता ती मनातल्या मनात आपल्या गाण्यातला आवाज मळवत असे. जेवताना उठायची, एक बटण फिरवून यायची. बंडूचा एक डबा तिनं घरी आणून शेजारच्या खोलीत ठेवला होता. गाणं लावायची आणि पळत येऊन दाराच्या फटीतून बाबांच्या अंगठ्याकडे बघायची. नाही हलला तर पुन्हा सगळं मोडायची. आज हलायचा, उद्या तेच गाणं लावलं तर नाही हलायचा, आणि मग तिचं जेवण जायचं.

त्यातलं एक गाणं बरगीच्या पाण्याचं होतं. बरगीच्या धरणाचे दरवाजे उघडले की इकडे घाटावर पाणी चढतं, हे जबलपुरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

गेट उघडले बरगीचे, पाणी येऊन राहिलं,
पायरी पायरी बुडते, मले वर घेऊन चला.

या गाण्याला अंगठा दर वेळी हलायचा. पण तो ठेक्याला हलतो की शब्दांना, ते कसं कळावं? ठेका काय, ट्रकलाही असतो. तिला शब्द पोचवायचे होते.

अल्बमचं नाव तिनं 'पाणी येऊन राहिलं' ठेवलं आणि इंटरनेटवर टाकून दिला. पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. मग मैत्रिणींचे निरोप यायला लागले, की अगं, माझा फोन बिघडलाय का, तुझं गाणं ऐकूच येत नाही. झालं होतं असं, की मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला खालचे आवाज झेपत नाहीत. अंजनीनं तर सगळं गाणंच खाली नेऊन ठेवलेलं. ज्यांचे कान धड, त्यांनी ते फोनवर लावलं आणि त्यांना कुठेतरी लांब कोणी उखळात कांडतंय एवढंच ऐकू आलं. पुण्याच्या एका संगीतावर लिहिणाऱ्यानं लिहिलं की चाली सुंदर आहेत, शब्दांना मातीचा वास आहे, पण ध्वनिमुद्रण इतकं गढूळ की गायिकेला आपला आवाज लपवायचा आहे की काय अशी शंका येते. अंजनीनं ते वाचलं, फोन उशीखाली टाकला, काढला, पुन्हा वाचला. आवाज साफ करण्याचा पगार घेणाऱ्या बाईला लोक गढूळ म्हणत होते, आणि खरं कारण सांगायचीही चोरी.

आणि मग मुंबईहून फोन आला. प्रतिमा नावाची मुलगी, एका छोट्या म्युझिक कंपनीत काम करणारी. तिनं गाणी चांगल्या हेडफोनवर ऐकली होती.

"बरगीचं गाणं मी किती वेळा ऐकलं असेल, अंजनी," ती म्हणाली. "आम्हाला हा अल्बम आमच्या नावानं काढायचाय. फक्त एक अट आहे. तो आमच्या इंजिनियरकडून साफ करून घ्यायचा. तुझा आवाज वर आणायचा. तुझी जुनी गाणीही ऐकली मी. इतका सुंदर बारीक आवाज आहे तुझा, तो कशाला पुरून टाकलास?"

अंजनीनं विचार करायला वेळ मागून घेतला. असा फोन यावा म्हणून ती शाळेत असल्यापासून झुरत होती. आणि हो म्हटलं की ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या एका माणसापुरता अल्बम मुका होणार होता. त्याला तो पोचला की नाही, हेही अजून कळलेलं नव्हतं.

ते कळायची संधी गणपतीत आली. कॉलनीतल्या मराठी मंडळाचे सचिव विष्णुपंत यांना रविवार दुपारचा कार्यक्रम रिकामा पडला होता, आणि मुंबईहून फोन आल्याचं त्यांनी पुष्पाबाईंकडून, म्हणजे न विचारताच, ऐकलं होतं. त्यांनी गाणी ठेवतेस का म्हणताच अंजनी हो म्हणाली. बंडूचे सगळे स्पीकर, मोठा हॉल, आणि बाबा समोर. इतक्या आवाजात शब्द पोचणार नाहीत असं होणारच नाही. तिचा दुसरा काही हेतू नव्हता, आणि बाकीच्या लोकांचा तर तिनं विचारच केला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

हॉल भरला. पहिल्या रांगेत बाबा, इस्त्रीचा सदरा घालून. पाठीमागे बायका, पोरं. आणि अगदी शेवटी, भिंतीला टेकून, रेंजवरचे सगळे निवृत्त म्हातारे. ते दर वर्षी तिथंच बसत. गाण्याच्या कार्यक्रमात त्यांना काही कळत नसे. येत आपले प्रसादाला, आणि तोवर पेंगत.

अंजनी स्पीकरशेजारी उभी राहिली आणि बंडूनं अल्बम लावून बटण दाबलं. हॉलच्या खिडक्या थरथरल्या. पोरांनी कानात बोटं घातली. एक तान्हं रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. विष्णुपंतांनी डोळे मिटले ते दुःखानं. "मला भावगीतं आहेत असं सांगण्यात आलं होतं," ते शेजारच्याला म्हणाले.

आणि पाठीमागे शालिग्रामकाका ताठ बसले. ते बाबांच्याच तोफेवर होते. त्यांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. तो जागा झाला. मग एकेक म्हातारा डोकं वर काढू लागला. शालिग्रामकाका उठले, बायकांमधून वाट काढत पुढे आले आणि स्पीकरच्या तोंडाशीच जमिनीवर बसले. त्यांच्यामागे दुसरा आला, तिसरा आला. ज्यांना ऐकू येत होतं ते लोक दारातून बाहेर पडत होते, आणि ज्यांना येत नव्हतं ते पुढे सरकत होते. बरगीचं गाणं लागलं तेव्हा शालिग्रामकाकांचे ओठ हलायला लागले. पायरी पायरी बुडते. शब्द बरोबर होते.

अंजनीनं बाबांकडे बघितलं. त्यांचा अंगठा हलत होता. ते तिच्याकडे बघत होते, मान न डोलवता, डोळे मोठे करून. तिला वाटलं, पोचलं. देवा, पोचलं.

तेवढ्यात गाणं संपलं, आणि पुढचं लागायच्या आधीच्या शांततेत नथ्थूभैया बोलले. तेही रेंजवरचेच. त्यांना वाटलं आपण बाबांच्या कानात कुजबुजतोय. पण बहिऱ्याची कुजबुज ती, रस्त्यापर्यंत गेली.

"बळीराम, तेरी बिटिया ने तो हम बहरों के लिए गाना बना दिया रे!"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, पण हसणं होतं. बाबांनी नथ्थूभैयाच्या तोंडाकडे बघितलं. मग स्पीकरभोवती बसलेल्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. सगळे रेंजचे. दुसरा एक माणूस नव्हता. जी गोष्ट बायकोनं, जावयानं, साऱ्या कॉलनीनं इतकी वर्षं झाकून ठेवली होती ती लेकीनं गणपतीसमोर, स्पीकर लावून सांगून टाकली होती. बाबा उठले आणि सदरा झटकून निघून गेले.

त्यानंतर घरात कोणी ओरडलं नाही, म्हणजे कोणी बोललंच नाही. बाबा जेवायला येत, जेवत, उठून जात. अंजनी त्यांच्या समोर उभी राहिली की ते खिडकीबाहेर बघत. तोंडाकडे बघितलं नाही की त्यांच्याशी बोलायचा रस्ताच बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अंजनीची तर तऱ्हाच झाली. लॅपटॉप उघडायची, मिटायची. घाटावर जायची, पाण्याला पाय लावायच्या आधी परत फिरायची. एकदा तिनं प्रतिमाला 'चालेल, साफ करा' असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. दुसऱ्यांदा 'नाही' लिहिलं, तेही पुसलं. बाबांना गाणं ऐकू आलं होतं, हेच तर पाहिजे होतं तिला. आणि ऐकू आल्यावर बाप गमावून बसली होती. प्रतिमाचा पुन्हा फोन आला. उद्यापर्यंत सांग, ती म्हणाली, मग आम्हाला दुसरं काम घ्यावं लागेल.

त्या दुपारी बाबा बाहेरून आले ते सरळ तिच्या खोलीत. खुर्ची ओढून समोर बसले. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"बंडूकडे गेलो होतो," ते म्हणाले. "मुंबईवाल्या पोरीचं त्यानं सांगितलं. तू हो काहून म्हणून नाही राहिली?"

अंजनीनं समोरचा लॅपटॉप मिटला.

"मंडळात मी ऐकलं तुझं गाणं. पुरं ऐकलं. पाण्याचं, पायरीचं, सगळे शब्द ऐकू आले मले."

"मग उठून काहून गेले तुम्ही?"

"नथ्थूचा राग आला म्हणून गेलो. घरी येऊन बसलो, तं समजलं राग नथ्थूचा नाही. ते गाणं म्हणून राहिली ती बाई कोण होती, अंजू? आवाज दणदणीत होता तिचा. पण आपल्या घरातली नव्हती ती. आमच्या पोट्टीचा आवाज तं असा बारीक." त्यांनी चिमटीत दोरा धरावा तशी दोन बोटं धरली. "लहानपणी अंगणातून हाका मारायची तू, तवा ऐकला आहे मी. माझ्याजवळ आहे तो."

तिला आता मात्र रडू आलं. बाबांना ते चाललं नाही; त्यांनी हात उडवला.

"रेंजवर साहेब आम्हाले कापूस द्यायचे. कानात घाला म्हणायचे. आम्ही हसायचो. बायका घालतात कापूस, म्हणायचो, आणि तोंडं पुसून फेकून द्यायचो. शालिग्राम, नथ्थू, मी, सगळेच. तो कापूस मी माझ्या कानात घालायचा होता. मी नाही घातला, तं तू तुझ्या गाण्यात कोंबला." ते नेहमीच्याच मोठ्या आवाजात बोलत होते, आणि स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "मले ऐकू येत नाही. माझ्यापायी जगाले कायले बहिरं करते? त्या पोरीले हो म्हण. साफ करू दे."

"आणि तुम्हाला?"

"मले काय? मी घरीच आहे. इथं म्हण. तुझ्या आवाजात."

लॅपटॉप मिटलेला होता. अंजनीनं डोळे पुसले आणि बरगीचं गाणं म्हटलं, वरच्या पट्टीत, तिच्या खऱ्या, तारेसारख्या आवाजात. दोनदा सूर सुटला. बाबा पुढे वाकून तिच्या ओठांकडे बघत होते. हात गुडघ्यांवर, पाय जमिनीवर, मान सरळ. काहीही हलत नव्हतं. गाणं संपलं.

"काहीच नाही ऐकू आलं," बाबा म्हणाले, आणि खुर्ची आणखी जवळ ओढली. "पुन्हा म्हण."